पिंपात मुरलेली बिअर आणि न मुरलेला मोह

बिअरसारख्या पेयाची चिकित्सा वाङ्मयीन मासिकाच्या पृष्ठांवर करावी काय, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्यास आमचे उत्तर इतकेच की, ज्या वस्तूमुळे समाजाची रुची घडते किंवा बिघडते, ती कोणतीही वस्तू टीकाकाराच्या कक्षेबाहेरची नव्हे. मद्य प्यावे की न प्यावे, हा नीतीचा आणि प्रकृतीचा प्रश्न आम्ही येथे हाती घेत नाही. त्याचा निर्णय ज्याचा त्याने करावा. आम्हांस विचार करावयाचा आहे तो एका नव्या प्रतिष्ठेचा. ती प्रतिष्ठा म्हणजे लाकडी पिंपात मुरवलेल्या बिअरची.

पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ने लहान प्रमाणावर ताजी बिअर गाळण्यास आरंभ केला, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील मोठ्या शहरांतून अशा लहान बिअर-भट्ट्या, ज्यांस मायक्रोब्रूअरी म्हणतात, निघत गेल्या. या धंद्यात एक रूढीच पडून गेली आहे. नवकवीने चार भावगीते लिहून झाली की महाकाव्यास हात घालावा, त्याप्रमाणे भट्टीवाल्याने गव्हाची, काळ्या भाजलेल्या जवाची, कडू हॉप्सची अशी बिअर करून झाली की एखादे जुने ओकचे पीप मिळवावे, त्यात आपली बिअर काही महिने भरून ठेवावी, आणि मग मोठ्या समारंभाने ती ग्राहकांपुढे आणावी. ही पहिली पिंपातली बिअर म्हणजे भट्टी वयात आल्याची खूण, अशी समजूत आहे. ही समजूत कितपत खरी, याचा विचार करणे अवश्य आहे.

पिंपात बिअर ठेवल्याने घडते काय? पीप तयार करताना ओकच्या फळ्या आतून शेकतात किंवा जाळतात. त्या उष्णतेने लाकडाचे घटक फुटून व्हॅनिलाचा गंध आणि जळत्या साखरेसारखी गोडी निर्माण होते. ओकचे स्वतःचे नारळासारखे सुगंधी द्रव्य व तुरटपणा त्यात मिसळतो. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून थोडी थोडी हवा आत शिरते आणि पेयाचा तीक्ष्णपणा मावळतो. शिवाय लाकूड कितीही धुतले तरी पूर्ण निर्जंतुक होत नाही. त्यात राहिलेले यीस्ट व जंतू आपले काम करीत राहतात. सारांश, पीप हे केवळ भांडे नव्हे. ते त्या पेयाचे दुसरे कर्तेच होय.

परंतु बिअरला लाकडाची चव यावी, ही इच्छा जुनी नाही. इंग्लंडातील जुने बिअरवाले सर्व बिअर लाकडी पिंपांतच भरीत, हे खरे. पण त्यासाठी बाल्टिक किनाऱ्यावरून येणारा ओक ते मुद्दाम निवडीत, कारण तो आपली चव पेयास फारशी देत नसे. अमेरिकन ओक चव देतो म्हणून त्यांस तो नकोसा वाटे. लंडनमध्ये काळी पोर्टर बिअर प्रचंड लाकडी हौदांत महिनोन्‌महिने मुरवीत. त्यांतील एक हौद १८१४ च्या ऑक्टोबरात फुटून आठ माणसे प्राणास मुकली. तेथेही शोध लाकडाच्या सुगंधाचा नव्हता, काळाने येणाऱ्या परिपक्वतेचा होता. त्या परिपक्वतेचे एक रहस्य कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसेन याने १९०४ साली उलगडले. जुन्या इंग्रजी बिअरला तिचा विशिष्ट वास देणारे यीस्ट त्याने ओळखले आणि ब्रिटनवरून त्याचे नाव ब्रेटॅनोमायसीज असे ठेवले.

या इतिहासात आमच्या मुंबईचाही भाग आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या बो भागातील हॉजसनची फिकी बिअर पिंपांत भरून ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांतून आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-कलकत्त्यास येत असे. चार-सहा महिन्यांच्या त्या प्रवासात, विषुववृत्ताची ऊब खात, ती हेलकावत मुरे. हिंदुस्थानाचे नाव लावून आज जगभर विकली जाणारी ‘इंडिया पेल एल’ ही तिचीच वंशज. म्हणजे आमच्या बंदरात जी बिअर उतरली ती मुरलेलीच उतरली.

लाकडाची चव हेच ध्येय मानणे ही अगदी अलीकडची, १९९० नंतरच्या दशकातील अमेरिकन कल्पना. बर्बन व्हिस्की जाळलेल्या नव्या ओकमध्येच मुरवावी असा तेथील कायदा असल्यामुळे एकदा वापरलेली पिंपे बर्बनवाल्यांस निरुपयोगी होतात. शिकागोच्या गूज आयलंड या भट्टीने अशा पिंपांत दाट काळी बिअर भरली, आणि ती शैली जगभर पसरली. तिच्यातील गुण आम्ही नाकारीत नाही. तथापि तिच्या अनुकरणात एक मोठा धोका आहे. पिंपाने दिलेली व्हॅनिलाची गोडी, व्हिस्कीचा दरवळ, हे सारे उसने धन आहे. अलंकारांखाली अर्थ दडपून गेलेल्या कवितेसारखी बिअर तेथेही निपजते आणि येथेही निपजेल. म्हणून आमची पहिली कसोटी अशी की, पिंपाची चव मनातून वजा केल्यावर मागे काही उरते काय? धान्य अद्याप बोलते काय? बोलत नसेल तर त्या बिअरला मुरलेली न म्हणता रंगवलेली म्हणावे.

दुसरी कसोटी परिस्थितीची. गूज आयलंडच्या त्या बिअरमध्ये मद्यार्क चौदा टक्क्यांच्या आसपास असतो, आणि पिंपातील दीर्घ काळ ती त्या बळावर सोसते. आपल्या देशातील अन्नविषयक मानकांप्रमाणे तीव्र बिअरची मर्यादा ८ टक्के आहे. हवेचाही विचार केला पाहिजे. स्कॉटलंडात पिंपातील व्हिस्कीपैकी वर्षास सुमारे २ टक्के उडून जाते. बंगळूर आणि गोव्याकडे हेच प्रमाण ८ ते १२ टक्क्यांपर्यंत जाते. जेथे व्हिस्कीची ही गत, तेथे दुबळी बिअर थंड खोलीवाचून किती दिवस तग धरणार? म्हणून शिकागोची नक्कल येथे जशीच्या तशी साधणारच नाही. बेल्जममधील रोडेनबाखसारख्या आंबट, हलक्या आणि मोठ्या लाकडी हौदांत मुरणाऱ्या बिअरचा मार्ग आपणांस अधिक जवळचा आहे. ज्या प्रदेशात आमसुलाचे सार घरोघर होते, तेथील जिभेस आंबटाची भीती नाही. तांदूळ आणि नाचणी हीही येथलीच धान्ये. पण अनुकरण करणाऱ्याची दृष्टी जवळच्या वस्तूवर क्वचितच पडते.

आणि येथेच आमचा खरा मुद्दा येतो. पनवेल–रोहा लोहमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्या दरम्यान पेण तालुक्यातील जिते हे गाव आहे. ज्या जिल्ह्यात ते येते त्यास आज रायगड म्हणतात. १९८१ पूर्वी तो कुलाबा होता. या प्रदेशाचे स्वतःचे मद्य म्हणजे मोहाचे. जवळच्या उरणात एकोणिसाव्या शतकात मोहाच्या दारूच्या अनेक भट्ट्या होत्या आणि त्यांचा माल मुंबईस जाई. पुढे १८७८ चा अबकारी कायदा आला, आणि १८९२ साली मुंबई सरकारने खास मोहाच्या फुलांसंबंधी कायदा करून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ती फुले परवान्यावाचून बाळगण्यावर व त्यांच्या व्यापारावर निर्बंध घातले. चोरटी गाळणी थांबावी, हा हेतू सांगितला गेला; सरकारी महसुलाचे रक्षण हा दुसरा हेतूही उघडच होता. जे फूल कातकरी-ठाकरांच्या घरी दुष्काळात अन्न म्हणून शिजे, ते घरात असणे हाच संशयाचा विषय झाला.

जुन्या काळी येथे मोहाचे मद्य वर्षानुवर्षे मुरवीत असत, असा दावा आम्ही करीत नाही. ते बहुधा ताजेच प्याले जाई. आमचे म्हणणे वेगळे आहे. मुरण्यास लाकूड लागते, त्याहूनही अधिक निर्धास्तपणा लागतो. जी वस्तू रात्री गाळून पहाटेच्या आत संपवावी लागते, ती मुरणार कशी? लोणच्याची बरणी वर्षभर फडताळात उभी राहते, कारण तिला कोणी उचलून नेणार नाही अशी खात्री असते. पीप भरणाऱ्यास भांडवल हवे, जागा हवी, आणि उद्या दारात शिपाई उभा राहणार नाही याचा भरवसा हवा. विलायती मद्यास तो भरवसा मिळाला, गावठीस मिळाला नाही. मग आपण एकास परिपक्व आणि दुसऱ्यास रानटी म्हणू लागलो, आणि हा भेद रुचीचा आहे असे मानून स्वस्थ बसलो. वास्तविक तो बराचसा परवान्याचा भेद आहे.

लपूनछपून विकल्या जाणाऱ्या मद्याचा शेवट कोठे होतो, हेही विसरता येत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर गरीब माणसे दगावली. निर्बंध नसावेत, असा याचा अर्थ नव्हे. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे आम्हीही पाहतो. पण गरिबाचे पेय अंधारात आणि श्रीमंताचे पेय शीतगृहात, अशी वाटणी करणारा निर्बंध सद्‌गुणाचे रक्षण करतो असे म्हणवत नाही.

चित्र थोडे पालटू लागले आहे. गोव्याच्या काजूफेणीस २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या जुन्या ठाणे जिल्ह्यास १८९२ चा कायदा लागू होता, त्यातीलच डहाणू येथील साउथ सीज डिस्टिलरीने २०२४ साली ‘सिक्स ब्रदर्स’ या नावाने मोहाचे मद्य उघडपणे बाजारात आणले. मोहास प्रतिष्ठा मिळाली, याचा आम्हांस आनंद आहे. मात्र ही उंची बाटली शहरातील धनिकांच्या मेजावर जाणार. झाडाखाली वाकून फुले वेचणाऱ्या बाईच्या पदरात त्या प्रतिष्ठेतील किती पडते, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

आता पिंपातल्या पहिल्या बिअरकडे वळून आमचा अभिप्राय सांगतो. लहान भट्टीने पीप आणावे, यास आमची हरकत नाही. नफ्याची घाई टाकून काही महिने वाट पाहण्याची तयारी हा या धंद्यात दुर्मीळ गुण आहे आणि त्याचे कौतुक व्हावे. परंतु केंटकीच्या पिंपाचा दरवळ म्हणजेच परिपक्वता, हा भ्रम तिने ग्राहकांत पसरवू नये. पहिल्या पिंपात ती दुसऱ्यांची कला शिकेल. दुसऱ्या पिंपात तिने येथल्या धान्यास, येथल्या आंबटास आणि कायदा वाव देईल तर येथल्या फुलासही जागा द्यावी. वाचकांसही आमची एक विनंती आहे. ‘गावठी’ हा शब्द पुन्हा तुच्छतेने ओठांवर येईल तेव्हा, त्या वस्तूस मुरण्यासाठी आपण कधी अवकाश दिला होता काय, एवढा विचार अवश्य करावा.