निष्क्रिय नमुनाग्रहण आणि फवारणीची हवा : एक परीक्षण

वातावरणातील अत्यल्प सेंद्रिय प्रदूषके मोजण्याची जी निष्क्रिय पद्धती गेल्या दोन दशकांत सर्वत्र रूढ झाली, तिचे गुण इतक्यांदा वर्णिले गेले आहेत की तिच्या मर्यादांचा विचार बहुधा राहूनच जातो. कार्ला पोझो, टॉम हार्नर व त्यांचे सहकारी यांनी २००६ व २००७ या वर्षांत भारतातील शेतीप्रदेशांत केलेली आणि २०११ साली ‘एन्व्हायर्न्मेंटल पोल्यूशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली पाहणी या विचारास चांगला आधार पुरविते. शेतीप्रदेशातील सात केंद्रे, एक नागरी व एक पार्श्वभूमीचे केंद्र, अशी तिची व्याप्ती होती. कळंबसारख्या (धाराशिवकडील नव्हे, यवतमाळ जिल्ह्यातील, चिंतामणीच्या कळंबसारख्या) कापसाच्या तालुक्यास या पद्धतीचा उपयोग किती, हा येथील प्रश्न आहे.

उपकरण अत्यंत साधे. सुमारे १४ सेंटिमीटर व्यासाची पॉलियुरेथेन फोमची चकती दोन पोलादी वाडग्यांच्या पोकळीत टांगावयाची, तीन महिन्यांनी उतरवावयाची आणि तिच्यात मुरलेली द्रव्ये द्रावकाने काढून मोजावयाची. पंप नको, वीज नको. भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या प्रदेशात हा गुण लहान नव्हे. चकती दिवसाला ३ ते ४ घनमीटर हवेतील द्रव्य टिपते असे धरले जाते. म्हणजे ९० दिवसांत सुमारे ३०० घनमीटर, जेवढी हवा एक प्रौढ मनुष्य दोन-तीन आठवड्यांत श्वासावाटे आत घेतो.

पाहणीचे निष्कर्ष मोलाचे आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अल्फा व गॅमा एचसीएच यांची सरासरी दर घनमीटरास अनुक्रमे २९२ व ८१२ पिकोग्रॅम आली. तांत्रिक एचसीएचमध्ये अल्फा घटक गॅमाच्या कित्येक पट असतो. येथे प्रमाण उलटे आहे. यावरून १९९७ साली बंदी आलेल्या तांत्रिक मिश्रणापेक्षा लिंडेनचा वाटा मोठा होता, असे अनुमान निघते. डीडीटी ९३१ आणि त्याचे विघटनजन्य डीडीई २४७, म्हणजे द्रव्य ताजे. परंतु शेतीतील डीडीटीवर १९८९ मध्येच बंदी आली होती आणि हिवताप-निर्मूलनासाठी घरांतून त्याची फवारणी पुढेही चालू होती. तेव्हा शेतीप्रदेशाची हवा ही शेतीचीच हवा असते, हे गृहीत धरता येत नाही. चकतीला गोठ्याची भिंत आणि पऱ्हाटीचे वावर यांतील भेद कळत नाही.

सरासरीविषयी तर अधिकच सावध राहिले पाहिजे. याच पाहणीत ४८ पीसीबींची एकूण सरासरी १२,१०० पिकोग्रॅम दिली आहे. अतिशय उच्च वाचन देणारे एकच ठिकाण वगळताच ती ९७२ वर येते. लेखकांनी दोन्ही आकडे दिले, हा त्यांचा प्रामाणिकपणा. तथापि मोजक्या केंद्रांच्या पाहणीत एक ठिकाण साऱ्या देशाचे चित्र बारा पटींनी पालटते, तेव्हा ‘प्रादेशिक’ हे विशेषण जपून वापरावे लागते.

उष्णतेचा मुद्दाही उपेक्षणीय नाही. द्रव्य चकतीत मुरण्याचा वेग तीन महिने एकसारखा राहतो, हे या पद्धतीचे मूळ गृहीतक होय. तापमान १० अंशांनी वाढले की फोमची धारणशक्ती ढोबळमानाने अडीच पट घटते. विदर्भातील मे महिन्याचे ४५ अंश लक्षात घेता हेक्झाक्लोरोबेंझीनसारखी अधिक बाष्पशील द्रव्ये मुदत संपण्यापूर्वीच समतोलास पोचतात आणि पुढे चकती काहीच साठवीत नाही. चकतीत आधी घातलेल्या ज्ञात संयुगांच्या ऱ्हासावरून प्रत्यक्ष ग्रहणवेग काढता येतो; पण तो खर्च व कष्ट टाळून ठरीव आकडा वापरण्याकडे अनेकांचा कल असतो.

खरी अडचण मात्र काळाच्या मापाची आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि सुमारे वीस जण दगावले. पऱ्हाटी माणसाच्या उंचीस पोचली होती; फवारा तोंडावर येत होता. त्यानंतर राज्य शासनाने प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचे मिश्रण, मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉन, अॅसिफेट आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण यांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. समजा, कळंबच्या एखाद्या धुऱ्यावर त्या हंगामात चकती टांगलेली असती. सहा तासांची फवारणी ही ९० दिवसांच्या २,१६० तासांपैकी ३६०वा भाग. उरलेला काळ हवा स्वच्छ राहिली असे मानले, तर त्या सहा तासांतील तीव्रता अहवालात ३६० पटींनी पातळ होऊन उतरेल. शिवाय यांतील बहुतेक द्रव्ये अल्प बाष्पशील असून फवारणीच्या वेळी थेंबांच्या रूपाने हवेत असतात. वरचे पोलादी वाडगे बसविले आहे ते पाऊस व खाली बसणारे मोठे कण अडविण्यासाठीच. जे माणसाच्या त्वचेवर आणि नाकात गेले, तेच उपकरण बाहेर ठेवते!

हा दोष पोझो-हार्नरांचा नव्हे. त्यांचे उपकरण दीर्घजीवी द्रव्यांचा देशोदेशींचा प्रवास शोधण्यासाठी योजिलेले आहे आणि त्या कामी ते उत्तम ठरले. दोष आहे तो त्याच्या अल्प वाचनावरून ‘हवेत धोका नाही’ असे प्रशस्तिपत्र काढू पाहणाऱ्यांचा. असा निष्कर्ष मजुराच्या भरपाईच्या दाव्याविरुद्ध कागदोपत्री उभा राहू शकतो, म्हणून ही चर्चा केवळ तांत्रिक राहत नाही.

विद्यापीठीय प्रबंधासाठी कळंब तालुका निवडणाऱ्याने पार्श्वभूमीसाठी चकती अवश्य टांगावी. परंतु ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फवारणी करणाऱ्याच्या गळपट्टीशी लहान पंपाचा नमुनाग्राहक बांधावा, अंगावर कापडी पट्ट्या लावून थेंब मोजावेत आणि ऑर्गॅनोफॉस्फरस द्रव्ये वापरली जात असल्यास फवारणीपूर्वी व नंतर रक्तातील कोलिनेस्टरेज तपासून घ्यावे. त्रैमासिक आकडा या वाचनांशेजारी स्वतंत्र स्तंभात द्यावा. त्यांच्याशी त्याची सरासरी काढू नये.