स्टर्लिंगचा ओरिसा-वृत्तांत व खुर्द्याचा वीरकिशोरदेव

अँड्र्यू स्टर्लिंग याचा ओरिसाविषयींचा वृत्तांत इ. स. १८२५ त ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या १५ व्या खंडांत छापला गेला. नागपूरकर भोसल्यांच्या कटकच्या अमलाविषयीं लिहिणारे आमचे लेखक बहुधा त्याच्याच आधारानें चालतात. म्हणून त्याची परीक्षा अवश्य वाटते.

इ. स. १७५१ च्या तहानें कटक प्रांत भोसल्यांकडे आला व खुर्द्याचा गजपति त्यांचा मांडलिक झाला. सुमारें दहा वर्षांनीं पार्लाकिमेडीच्या नारायणदेवानें खुर्द्यावर चाल केली. वीरकिशोरदेवानें सुभेदार शिवभट साठे यांस एक लक्ष रुपये कबूल करून कुमक मागितली. शत्रु हटला, रुपये मात्र जुळेनात. तेव्हां राहांग, सिराई, चौबीसकुद, लिंबाई हे परगणे व पुरुषोत्तमक्षेत्र मराठ्यांच्या हातीं गेलें, तें राजास परत मिळालें नाहीं.

परंतु हा व्यवहार विक्रय होता, दान होतें, कीं गहाण? स्टर्लिंग याची चिकित्सा करीत नाहीं, आणि सारी भिस्त तर येथेंच आहे. कर्जापोटीं भूमि देऊन तिचें उत्पन्न धनकोनें खावें, हा धर्मशास्त्रांतील फलभोग्य आधि होय. तो बुडत नाहीं, असें याज्ञवल्क्याचें स्पष्ट मत आहे. तसें असल्यास जगन्नाथक्षेत्रावरील मराठ्यांची सत्ता ही गहाणदाराची ठरते. आमचे लेखक ती केवळ भक्तीचें फळ म्हणून वर्णितात. भोसल्यांनीं देवस्थानाचें केलें तें आम्ही नाकारीत नाहीं; पण भक्तीनें हक्क उत्पन्न होत नाहीं. इ. स. १८०३ त इंग्रजांनीं कटक घेतल्यावर राजा मुकुंददेवानें हेच परगणे मागितले. ते मिळाले नाहींत, व १८०४ च्या बंडानंतर खुर्देंहि गेलें. कंपनीच्या चाकरानें हा प्रश्न खोलांत न नेणें स्वाभाविक होतें. आमच्या लोकांनीं तरी तो न्यावयास हवा होता.

दुसरा मुद्दा कालगणनेचा. स्टर्लिंगचें एक मुख्य साधन जी मंदिराची मादळापांजी, तींत वर्षें राजांच्या ‘अंकां’नीं दिलेलीं असतात. यांत १ हा अंक नाहीं. ६ नें संपणारे सर्व, व १० खेरीज शून्यानें संपणारेहि गाळतात. म्हणजे २५ वा अंक हें वस्तुतः २१ वें वर्ष. शिवाय वर्षारंभ भाद्रपद शुद्ध द्वादशीस. नुसत्या बेरजेनें सन काढणारा चार वर्षें चुकलाच म्हणून समजावें.

ज्यांच्या संग्रहीं कटकसंबंधीं मराठी कागद असतील, त्यांनीं मित्या या गणनेशीं ताडाव्या, व साठे यांच्या कारकीर्दींत या परगण्यांपुढें ‘गहाण’ हा शब्द येतो कीं अन्य कांहीं, तें आधीं पाहावें.