जुन्या तोंडची शिवी

संत जनाबाई ही आमच्या गंगाखेडची. राणीसावरगाव हे रेणुकेच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध असले, तरी तालुक्याच्या गावी बाजारहाटाला गेलेला येथील माणूस गोदावरीच्या काठी जनीच्या देवळाकडे पाहून हात जोडल्याशिवाय सहसा परतत नाही. हिंदू असो, ख्रिस्ती असो, मराठवाड्यातील मनुष्यास जनी परकी नाही. दामाशेटींच्या घरी दळणकांडण करणाऱ्या या दासीच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत, आणि त्यांपैकी एक अभंग म्हणजे सरळसरळ शिव्यांची माळ आहे. या शिव्या विठ्ठलाला आहेत.

आज आम्हांस या अभंगाविषयी लिहावयाचे आहे, त्याचे निमित्त एक छापील पुस्तिका. मुलांच्या समूहगायनासाठी कोणी सद्‌हेतूने संतवचने एकत्र केली, त्यांत हा अभंग घेतला आणि तो धुऊन घेतला. देवाला हाक मारण्याचा जनीचा रांगडा शब्द जाऊन तेथे लाडिक संबोधन आले. विधवेसाठीचा ग्राम्य शब्द जाऊन ‘सखी’ आली. प्रेताचा उल्लेख तर समूळ नाहीसा झाला. मात्र अभंगाच्या अखेरीस, आपण अंगणात उभी राहून शिव्या देत आहोत अशा आशयाचे जे जनी स्वतःच सांगते, त्याला संकलकांनी हात लावला नाही. परिणाम असा, की मुले गोड चालीवर देवाचे कौतुक करतात आणि शेवटी गंभीरपणे जाहीर करतात की ही शिवीगाळ होती! श्रोत्यांत कोणी हसले नाही, याचेच आम्हांस नवल वाटले.

या अभंगातील शिवी ही अलंकार म्हणून वर चिकटवलेली नाही. त्यातील अर्थ शिवीतच आहे. जनी देवाला मायेचा पोर म्हणते, त्याची बायको विधवा झाल्याचे सांगते, आणि लगेच त्याच बायकोच्या हातांत जन्मभराच्या सौभाग्याच्या बांगड्या भरते. देवाचे प्रेत निघाल्याचे म्हणते, आणि रडावयास मृत्यूलाच बसवते. गावातल्या बाया नळावर भांडताना जे शाप देतात, तेच शाप तिने उचलले आहेत; पण प्रत्येक शाप उलटा पडून स्तुती होतो. जो मायेच्या पलीकडे गेला, त्याच्या संदर्भात माया विधवाच. आणि जो मरत नाही, त्याचे मरण बोलून दाखवणे म्हणजे मरणाचीच फजिती करणे. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना मृत्यूला असेच हिणवले आहे, हे आमच्या वाचकांस आठवेल. शब्द मवाळ केले की हा उलटा डाव कळेनासा होतो. शाप राहिला नाही, म्हणून त्याची स्तुतीही झाली नाही.

शिवाय एक गोष्ट आहे, ती व्याकरणाच्या पलीकडची. दासीला शिव्या खाव्या लागतात, देण्याचा अधिकार तिला नसतो. तिने हा अधिकार घेतला तो थेट विश्वाच्या धन्यापुढे. तिला सभ्य करणारा मनुष्य कळत वा नकळत तिला पुन्हा दासी करतो.

अशा धुलाईचे एक अगदी नव्या काळातील उदाहरण पुण्यास शिकणाऱ्या आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने आम्हांस दाखविले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाचा एक अद्भुतरम्य संगणकीय खेळ आहे. तो नोव्हेंबर 2004 मध्ये निघाला व आजही चालू आहे. राक्षस, बुटके, जादूगार यांच्या या विश्वात जगभरची माणसे एकाच वेळी वावरतात. जुलै 2021 मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या एका खात्याने हा खेळ काढणाऱ्या कंपनीवर, तेथे काम करणाऱ्या स्त्रियांशी होणाऱ्या वर्तनाबद्दल, खटला भरला. त्यानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या सुधारित आवृत्तीत पात्रांच्या तोंडचे अनेक जुने चावट विनोद व लगट करणारी वाक्ये काढण्यात आली. खेळातील इमारतींत टांगलेली स्त्रियांची काही चित्रेही बदलली. एका चित्राच्या जागी फळांची परडी आली.

त्या तरुणाचे म्हणणे, की त्याच्या लहानपणच्या आठवणी कोणी चोरल्या. आम्ही त्याच्याशी पूर्णपणे सहमत झालो नाही. त्याने वाचून दाखविलेली काही वाक्ये आम्ही ऐकली. ती गेल्याने वाङ्मयाचे काही बिघडले असे म्हणवत नाही. ती दारूच्या गुत्त्यातल्या विनोदाहून वरच्या दर्जाची नव्हती. पण फळांची परडी पाहून मात्र आम्हांस त्या स्त्रियांची आठवण झाली, ज्यांची तक्रार कचेरीतील जिवंत माणसांविरुद्ध होती. भिंतीवरील चित्र बदलणे हे स्वस्तातले प्रायश्चित्त होय. पापनिवेदनाला बसणाऱ्या धर्मगुरूला हा प्रकार चांगला परिचयाचा असतो.

यावर कोणी म्हणेल, मग कसोटी सोपी आहे: खालच्याने वरच्याला दिलेली शिवी ठेवावी, वरच्याने खालच्याला दिलेली काढावी. विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ ही कसोटी टिकू देत नाही. 1972 साली कमलाकर सारंग यांनी ते रंगभूमीवर आणले, निळू फुले सखाराम झाले आणि लालन सारंग चंपा. परिनिरीक्षण मंडळाने बत्तीस ठिकाणी काट सुचविली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले व नाटकावरील बंदी उठली. सखारामच्या शिव्या टाकून दिलेल्या, निराधार बायकांना आहेत, म्हणजे वरून खालीच. पण त्या काढल्या तर उरतो तो निराधार स्त्रियांना आसरा देणारा एक स्पष्टवक्ता गृहस्थ. त्याचे क्रौर्य प्रेक्षकापासून लपते, आणि ते लपविण्याचे पुण्य मंडळाच्या पदरी पडते. तेव्हा शिवी कोणी कोणास दिली एवढे पाहून भागत नाही. लेखक तिच्याकडे बोट दाखवितो आहे, की तिच्या आडून स्वतःच मजा घेतो आहे, हेही पाहावे लागते. खेळातील ती वाक्ये दुसऱ्या जातीची होती.

जे अजून जिवंत आहे व रोज जखम करते, त्याचा न्याय वेगळा. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. पत्त्यावर लिहावे लागणारे नाव हा जुना संवाद नव्हे, ती आजची शिवी आहे. असे म्हणताना मनात कोणतीही आडकाठी येत नाही.

आमच्या घरातही हा प्रश्न सुटून गेलेला नाही. पोप पॉल सहावे यांच्या काळात धर्मगुरूंच्या दैनिक प्रार्थनेचे जे नवे पुस्तक 1971 पासून निघाले, त्यातून 58, 83 व 109 ही तीन स्तोत्रे त्यांतील शापांमुळे पूर्णतः वगळण्यात आली. इतर काही स्तोत्रांतील ओळीही गेल्या. आज हे पाठ म्हणणाऱ्याला मनाची अडचण होते, असे कारण दिले गेले. पवित्र शास्त्रात मात्र ती तिन्ही स्तोत्रे अक्षरशः जशीच्या तशी आहेत. 109 वे स्तोत्र उघडावे, म्हणजे छळलेल्या माणसाचा संताप किती खोल असतो ते कळते. सामुदायिक प्रार्थनेत काय म्हणावे याची निवड प्रत्येक काळाने करावी. ग्रंथ मात्र दुरुस्त करू नये, असा हा विवेक आहे. जनीच्या पुस्तिकेत तोच नेमका सुटला.

सिस्टाइन चॅपेलमध्ये हा विवेक एकदा सुटला होता. मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम न्याय’ या भित्तिचित्रातील नग्न आकृतींवर, त्रेंतच्या धर्मपरिषदेनंतर, डॅनिएले दा व्होल्तेरा या चित्रकाराकरवी वस्त्रे रंगविण्यात आली. लोकांनी त्याचे नाव ‘चोळणे शिवणारा’ अशा अर्थाचे पाडले. संत कॅथरिन व संत ब्लेज यांच्या बाबतीत तर मूळ गिलावाच तासून नवा भरला गेला. 1994 साली जीर्णोद्धार पूर्ण झाला तेव्हा नंतरच्या काळात चढविलेली बरीच वस्त्रे उतरविता आली, पण तासलेले ते परत मिळणे नव्हतेच. मूळचे रूप कसे होते हे आपणांस कळते, कारण मार्चेल्लो वेनुस्ती याने 1549 साली केलेली लहान प्रतिकृती नेपल्समध्ये जपली गेली आहे.

पुस्तकाचे असे असते, की नवी आवृत्ती कितीही सोवळी निघाली तरी जुनी कोणाच्या तरी कपाटात राहते. कंपनीच्या यंत्रावर चालणाऱ्या खेळाला कपाट नाही. एका रात्रीत जुने वाक्य जाते आणि सकाळी खेळावयास बसलेल्या मुलाला ते कधी होते याचाही पुरावा उरत नाही. 2019 साली त्या कंपनीने खेळाचे जुने रूप पुन्हा उपलब्ध करून दिले ते खेळाडूंच्या आग्रहामुळे. म्हणजे जुन्याची ओढ तेथेही आहे, फक्त किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला आहे.

वर सांगितलेल्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघणार असल्याचे समजते. बालगटास हा अभंग जड जात असेल तर जनीचे दळणाचे, कांडणाचे अभंग आहेत. त्यांतून निवड करावी. हाच हवा असेल तर आहे तसा छापावा आणि ‘विधवा’ व ‘माया’ या दोन शब्दांवर शिक्षकाने मुलांशी अर्धा तास बोलावे. संकलकांना आम्ही तसे पत्र धाडले असून सोबत मूळ पाठ हाताने उतरवून जोडला आहे.