फुलपाखराची कविता आणि अळीचे पान : काव्यलेखन व निसर्गशिक्षण यांच्या अनुबंधाची चिकित्सा

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांस अनुसरून पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास हा विषय अनिवार्य झाला, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गाभा अभ्यासक्रमातील 50 तासिकांपैकी 5 तासिका क्षेत्रकार्यासाठी राखण्यात आल्या होत्या. परिसरातील सामान्य वनस्पती, कीटक व पक्षी यांचे निरीक्षण हा त्या क्षेत्रकार्याचा एक भाग होता. दुसरीकडे मराठी विभागाच्या वतीने पर्यावरणदिनी काव्यलेखन स्पर्धा घेण्याची प्रथाही अनेक महाविद्यालयांत रूढ आहे. हे दोन्ही उपक्रम एकाच आवारात होतात. परंतु त्यांची परस्परांशी गाठ क्वचितच पडते. निरीक्षणवहीत कविता नसते आणि कवितेत निरीक्षण नसते. फुलपाखरांच्या संवर्धनासाठी काव्यलेखनाचा उपयोग करावा असा विचार अलीकडे वारंवार मांडला जातो. त्याची चिकित्सा करताना ही फारकत प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

अशा स्पर्धांतील कवितांत फुलपाखरू बहुधा ठरावीक रूपाने अवतरते. ते रंगीबेरंगी असते, चंचल असते, स्वच्छंद असते आणि फुलाफुलांवर बागडते. ते कोणत्या जातीचे, कोणत्या ऋतूतले, कोणत्या झाडाजवळचे, याचा पत्ता लागत नाही. या साचेबंदपणाचा दोष केवळ विद्यार्थ्यांना देता येणार नाही. ‘फुलपाखरू’ या शब्दाची घडणच फूल आणि पाखरू अशी आहे. त्यात पानाला जागा नाही. शालेय कवितेचा संस्कारही याच दिशेचा आहे. ग. ह. पाटील यांची ‘फुलपाखरू’ ही कविता महाराष्ट्राच्या काही पिढ्यांनी पाठ केली. तिच्यात चिमुकल्या पंखांचे आणि बारीक डोळ्यांचे निरीक्षण आहे आणि धरू पाहणाऱ्या मुलाच्या हाती फुलपाखरू येत नाही, ही जाणही आहे. बालकवितेकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. मात्र महाविद्यालयीन विद्यार्थ्याची कविता त्याच टप्प्यावर थांबत असेल, तर तो प्रश्न शिक्षणाचा आहे.

कारण संवर्धनाचा प्रश्न फुलापेक्षा पानावर अधिक अवलंबून आहे. प्रौढ फुलपाखरू अनेक प्रकारच्या फुलांतील मध घेऊ शकते. परंतु अळी बहुधा मोजक्याच वनस्पतींची पाने खाते. लिंबू व कढीपत्ता यांवर वाढणाऱ्या लाइम बटरफ्लायची अळी आरंभी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि पुढे पानाच्या रंगाची हिरवी होते. कॉमन जेझबेलची अळी आंब्यावरील बांडगुळावर वाढते. क्रिमझन रोझला सापसणीचा वेल लागतो. प्लेन टायगरची मादी रुईच्या पानावर एकेक अंडे घालते. काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची तिची अळी रुईचा विषारी चीक पचवते. त्या विषामुळेच पक्षी या फुलपाखराला टाळतात आणि डॅनेड एगफ्लायची मादी त्याचे रूप घेऊन स्वतःचा बचाव करते. मारुतीला शनिवारी वाहिल्या जाणाऱ्या माळेतील रुई विद्यार्थ्यांच्या परिचयाची असते. भक्ती, विष, सोंग आणि भूक एकाच पानावर एकत्र येतात; काव्यविषय म्हणून याहून समृद्ध सामग्री सहसा सापडणार नाही. तरीही स्पर्धेतील कवितांत रुई दिसत नाही, आणि सुशोभीकरणाच्या वेळी कुंपणालगतची रुई, टाकळा व सापसण तण म्हणून उपटली जातात. त्यांच्या जागी हिरवळ येते. फुलपाखरावर कविता मागवणारी संस्था त्याच आठवड्यात त्याच्या अळीचे अन्न काढून टाकते, ही विसंगती कवितेच्या साच्याशी जोडलेली आहे. जे शब्दांत कधी आलेच नाही, ते माळ्याच्या विळ्यापासून कोण वाचवणार?

कवित्व आणि कीटकशास्त्र यांचा विरोध मानणाऱ्यांनी व्लादिमिर नाबोकोव यांचे उदाहरण पाहावे. कादंबरीकार म्हणून ते विख्यात असले तरी ते कवी होते आणि फुलपाखरांचे वर्गीकरणतज्ज्ञही होते. अमेरिकेतील रॉबर्ट मायकेल पाईल यांनी 1971 मध्ये झर्सीज सोसायटी स्थापन केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूच्या टेकड्यांवर शहर पसरल्यामुळे 1940 च्या दशकात नामशेष झालेल्या झर्सीज ब्लू या फुलपाखराचे नाव त्यांनी संस्थेला दिले. पाईल कवीही आहेत.

मराठीत या कामासाठी हायकू हा प्रकार सर्वांत उपयुक्त वाटतो. शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला. तीन ओळींत एक पाहिलेला क्षण पकडायचा असल्याने विशेषणांच्या उधळणीला तेथे वाव राहत नाही. मात्र जपानी परंपरेचा ऋतुसंकेत जसाच्या तसा उचलता येणार नाही. त्या परंपरेत फुलपाखरू हा वसंताचा शब्द आहे. महाराष्ट्रात त्यांची रेलचेल पावसाळ्यात आणि त्यानंतर, साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात असते. पाच जूनची स्पर्धा या दृष्टीने अवेळीच म्हणावी लागते.

मूल्यमापनाची अडचण खरी आहे. निरीक्षण अचूक असले म्हणजे कविता चांगली होते असे नाही. घोषवाक्याला यमक जोडल्यानेही ती होत नाही. तरीही रुईच्या पानाखाली अळी पाहून लिहिलेल्या ओळी आणि न पाहता लिहिलेल्या ओळी यांतील फरक मराठीचा प्राध्यापक ओळखू शकतो, आणि पाहिलेली अळी कोणाची हे प्राणिशास्त्राचा प्राध्यापक सांगू शकतो. दोघांनी मिळून एकच वही तपासावी. 2015 मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असे करणारे ते देशातील पहिले राज्य होते. त्याची अळी माकडलिंबू, पपनस यांसारख्या लिंबूवर्गीय झाडांवर वाढते. आवारात यांपैकी एखादे झाड आहे काय, हा त्या वहीतील पहिला प्रश्न ठेवता येईल. लिंबाच्या झाडावरील लाइम बटरफ्लायच्या अंड्यापासून फुलपाखरू होण्यास सुमारे महिना लागतो, म्हणजे पहिल्या सत्रात तो संपूर्ण प्रवास विद्यार्थ्यांना पाहता येतो.