कोलंबोला उत्तर आधीच माहीत असतं

'रिसर्च म्हणजे डिटेक्टिव्हचं काम' हे वाक्य तुम्ही पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करताना ऐकलं असेलच. मीही ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. परवा 'कोलंबो' या अमेरिकन मालिकेतला १९७६चा 'फेड इन टू मर्डर' हा भाग पुन्हा बघितला, आणि या वाक्याचा फोलपणा नीट कळला. (शेवट सांगणार आहे. भाग जवळपास पन्नास वर्षं जुना आहे, त्यामुळे माफ करा!)

वॉर्ड फाउलर हा टीव्हीवर लुसर्न नावाचा डिटेक्टिव्ह साकारणारा स्टार. भूमिकेत 'स्टार ट्रेक'वाला विल्यम शॅटनर. त्याचं जुनं गुपित धरून त्याच्या कमाईत वाटा घेणाऱ्या निर्मातीचा तो खून करतो, आणि दरोडेखोराने गोळी घातली असं भासवतो. अ‍ॅलिबाय काय, तर त्या काळी नवलाईचा असलेला व्हिडिओ रेकॉर्डर. मदतनिसाला गुंगीचं औषध द्यायचं, मॅच रेकॉर्ड करायची आणि तो जागा झाल्यावर लाइव्ह म्हणून दाखवायची. वर हा नट लुसर्नच्या थाटात कोलंबोला तपासात 'मदत'ही करतो. पीटर फॉक आणि शॅटनरची ही जुगलबंदी या भागाचा जीव आहे.

पण गोम इथेच आहे. लेव्हिन्सन आणि लिंक यांनी रचलेल्या या मालिकेत खुनी कोण हे आपल्याला सुरुवातीलाच दाखवतात. त्यामुळे कोलंबो एकाच माणसाच्या मागे हात धुऊन लागतो, तेव्हा आपल्याला ती चिकाटी वाटते. सुरुवातीची वीस मिनिटं कापून टाका आणि पुन्हा बघा: हा माणूस दुसऱ्या शक्यता फारशा तपासतच नाही! आपल्या संशोधनात ती वीस मिनिटं कुणीच दाखवत नाही.

मी हे स्वतः भोगलंय. एमएस्सीनंतरच्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये एचपीएलसीच्या आलेखात एक जादा पीक दिसला. मी ठरवून टाकलं की हे नवीन संयुग आहे. पाच महिने पुरावे गोळा केले, आणि प्रत्येक पुरावा माझ्याच बाजूचा वाटत होता. शेवटी एका सीनियरने विचारलं, "अगं, ब्लँक रन केलास का?" नमुना न घालता नुसतं सॉल्व्हंट सोडलं. पीक तिथेही हजर! प्लॅस्टिकच्या नळीतून काहीतरी झिरपत होतं.

गंमत म्हणजे फाउलरही 'ब्लँक'मुळेच सापडतो. शूटिंगच्या पिस्तुलात खऱ्या गोळ्या घालून तो खून करतो, नंतर पुन्हा ब्लँक काडतुसं भरतो. पिस्तूल पुसतो, पण काडतुसांवरचे ठसे राहतात. इथे मात्र कोलंबोला पूर्ण मार्क. अ‍ॅलिबायमधल्या फटींचे दहा अर्थ लागू शकतात, या ठशांचा दुसरा अर्थ लावणं फार कठीण.

म्हणून भाग जरूर बघा. फक्त बघताना एक वही जवळ ठेवा. कोलंबोला सापडलेल्या प्रत्येक धाग्यापुढे लिहा: 'खुनी दुसराच असता, तरी हे दिसलं असतं का?' उत्तर 'हो' आलं, तर तो पुरावा नाही, नुसता संशय आहे. मग तीच वही तुमच्या डेटाशेजारी ठेवा. आणि ब्लँक रन पहिल्याच दिवशी करा, पाच महिन्यांनी नको.