स्मृतिचित्र आणि छायाचित्र : आठवण दाखविणाऱ्याचा प्रश्न

मराठीतील आत्मपर लेखनाविषयी लिहिताना समीक्षकांच्या लेखणीतून एक विशेषण फार सहजपणे उतरते. ते म्हणजे ‘हुबेहूब’. एखाद्या लेखिकेने माहेरच्या माजघराचे वर्णन केले, की ते छायाचित्रासारखे हुबेहूब वठले आहे असे आपण म्हणतो. आणि तसलेच वर्णन आपल्याला नीरस वाटले, तर ‘ही केवळ फोटोग्राफी आहे’ असा शेरा मारून मोकळे होतो. स्तुती आणि निंदा या दोहोंसाठी एकच उपमान वापरले जावे, यावरूनच त्या उपमानाचा विचार आपण पुरेसा केलेला नाही हे उघड होते. ‘स्मृतिचित्र’, ‘शब्दचित्र’, ‘व्यक्तिचित्र’ या आपल्या रूढ संज्ञांतही ‘चित्र’ हे पद आहेच. तेव्हा आठवण आणि घरोघरी जपून ठेवलेले फोटो यांचा परस्परसंबंध कोणता, हे एकदा तपासून पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे, की छायाचित्र स्वतः काहीही आठवत नाही. ते कोणीतरी कोणाला तरी दाखवीत असतो, आणि दाखविताना तो जे बोलतो त्यात आठवण असते. आपल्या श्रेष्ठ स्मृतिलेखनाचे बळही, ते कोणासमोर बसून सांगितले जात आहे या जाणिवेतून आलेले आहे. हुबेहूबपणा हा त्यातला फार तर एक दुय्यम गुण होय.

मुंबईत ‘बाँबे फोटोग्राफिक सोसायटी’ १८५४ साली स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग निघाला. म्हणजे ही कला आपल्याकडे फार उशिरा आली असे नाही. परंतु मराठी घरांत फोटो काढून घेणे हा पुढे पुष्कळ काळ एक समारंभच राहिला. ठेवणीतले कपडे, मागे रंगविलेला पडदा, हाताशी उंच तिवई, आणि हलायचे नाही ही ताकीद. त्या चित्रांतील माणसे गंभीर दिसतात याचे कारण त्यांचा स्वभाव नव्हे. काचेवर प्रतिमा उमटेपर्यंत त्यांना स्थिर राहावे लागे. घरी ती माणसे कशी वावरत, कोणावर रागावत, हे त्या काचेला कळलेले नसते.

या दृष्टीने आनंदीबाई जोशी यांचे एक छायाचित्र पाहण्यासारखे आहे. पेनसिल्व्हानियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात ऑक्टोबर १८८५ मध्ये ते काढले गेले. आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लाम्बुली अशा तिघीजणी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. आज हे चित्र सर्वत्र दाखविले जाते आणि त्याने कोणाचेही मन भरून यावे. पण ते काय सांगते? पूर्वेकडील तीन स्त्रिया पश्चिमेत वैद्यक शिकत होत्या, एवढेच. आनंदीबाईंनी गोपाळरावांना लिहिलेली पत्रे मात्र एका विशिष्ट माणसाला लिहिलेली आहेत. तो माणूस नवरा आहे, शिक्षक आहे आणि परीक्षकही आहे. पत्रातले प्रत्येक वाक्य या तिघांना एकदम तोंड देत असते. काशीबाई कानिटकरांनी १९१२ मध्ये आनंदीबाईंच्या चरित्रात ती पत्रे गुंफली, तेव्हा ज्या बाईचा चेहरा लोकांना माहीत होता तिचा आवाज प्रथम ऐकू आला. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत, पुण्यास त्यांचा अंत झाला. फोटोतल्या पोशाखाचा उल्लेख आपण वारंवार करतो, पत्रांचा क्वचित. हा आपल्या अभ्यासाचा दोष म्हणावा लागेल.

आता प्रवासवर्णनाकडे वळू. मुंबईतली ती सोसायटी निघून तीन वर्षे झाली होती, तेव्हा कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जाच्या विवंचनेने, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांच्याजवळ कॅमेरा असणे संभवतच नव्हते. झाशीचा वेढा आणि लूट भोगून, मिळविलेले पुष्कळसे गमावून, गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. जे घडले ते त्यांनी लिहिले १८८३ मध्ये, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षांनी. इतक्या अवधीनंतर लिहिलेल्या मजकुरात हुबेहूबपणा शोधणे हेच मुळी चुकीचे होय. आणि तरीही काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग ज्याने एकदा वाचला तो विसरू शकत नाही.

त्या प्रसंगाची बांधणी बारकाईने पाहावी. झाशी सोडून आलेल्या, धुळीने माखलेल्या, तहानेने व्याकुळ अशा राणीसाहेब विहिरीपाशी येतात. भटजी त्यांना पाणी काढून देण्यास पुढे होतात. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून त्या स्वतःच मडके विहिरीत सोडतात, पाणी शेंदतात आणि ओंजळीने पितात. छायाचित्रकार तेथे असता तर त्याला पाणी पिणारी राणी मिळाली असती. आपल्याला मिळते ती भटजींची पुढे होऊन थांबलेली हालचाल. ज्या बाईच्या वाड्यात आपण दक्षिणा घेतली तिला पाणीसुद्धा काढून देता आले नाही, ही भिक्षुकाच्या मनाला लागलेली चुटपुट त्या प्रसंगाचा खरा विषय आहे. सांगणारा चित्राच्या चौकटीत उभा आहे, आणि ऐकणारे वरसईच्या ओटीवर बसले आहेत असे वाचताना सतत वाटते. राणीची म्हणून जी छायाचित्रे दाखविली जातात त्यांतील एकही निर्विवाद अस्सल ठरलेले नाही. ते कधी सापडलेच, तरी विहिरीच्या प्रसंगाचे मोल त्याने तिळमात्र कमी होणार नाही.

याच ग्रंथाचा पुढचा इतिहास आपल्या प्रश्नाला अधिकच जवळचा आहे. भटजींना लिहिते केले ते चिंतामण विनायक वैद्यांनी, आणि १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला तोही त्यांनीच. परंतु भाषा नीटनेटकी करून, काही गाळून, काही पुन्हा जुळवून. मोडीतील मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने १९६६ मध्ये पुढे आला. मधल्या सहा दशकांत मराठी वाचक ज्याला गोडसे भटजींचा आवाज समजत होते तो अंशतः वैद्यांचा होता. स्टुडिओतला कारागीर काचेवर पेन्सिलीने गालावरचा देवीचा व्रण पुसून टाकीत असे, त्याची येथे आठवण होते. वैद्यांचा हेतू वाईट होता असे सुचवावयाचे नाही. त्यांनी आग्रह केला नसता तर ग्रंथच झाला नसता. पण १९०७ ची प्रत अधिक रेखीव आहे म्हणून तीच अधिक वाङ्मयीन, असे मत आजही कधीकधी ऐकू येते, ते मात्र मान्य करता येत नाही. रेखीवपणासाठी जे गाळले जाते त्यात बहुधा ऐकणाऱ्याशी चाललेले संभाषण पहिल्याने जाते. अडखळणे जाते, मूळ धागा सोडून आठवलेली भलतीच गोष्ट जाते, आणि मागे राहते ते चित्र.

येथे थोडे खाजगी लिहिण्याची परवानगी असावी. आमच्या घरी काळ्या जाड कागदाचा, मधूनमधून पातळ तेलकट कागद घातलेला एक आल्बम आहे. तो आत्याच्या ताब्यात असे. त्यात नाशिकला रामकुंडाजवळ काढलेला एक फोटो आहे. पाच माणसे पूर्ण आणि कडेला सहावे अर्धे. हा फोटो ती दाखवी तेव्हा त्या अर्ध्या माणसापासून सुरुवात करी. आम्हा मुलांना सांगताना ते माणूस चिवडा आणायला पळत होते. भावजयांना सांगताना तेच माणूस कोणाशी तरी बोलणे टाकून निघाले होते. आणि एकदा, एका समवयस्क बाईला, तिने फक्त नाव सांगितले आणि पान उलटले. यांतले खरे कोणते हे विचारण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. आता आत्या नाही. फोटोच्या मागे पेन्सिलीने ‘नाशिक’ एवढेच लिहिले आहे, आणि तिने घेतलेले ते नाव आमच्यापैकी कोणालाही आठवत नाही.

घरगुती आठवणींच्या लेखनात याच गोष्टी मोठ्या प्रमाणावर घडतात. रमाबाई रानड्यांनी १९१० मध्ये आपल्या ग्रंथाला ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ असे नाव दिले. त्यातले ‘आमच्या’ हे पद जुन्या जोडफोटोची आठवण करून देते. चित्राचा मध्य पतीचा असतो. ग्रंथ वाचू लागताच मात्र ध्यानात येते, की चित्र दाखविणारी बाई कडेला उभी राहूनच बोलते आहे. वाचन शिकते म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे बोलणे खाणारी सून, पतीचे मौन वाचावयास शिकलेली पत्नी, असे सारे त्या कडेवरून दिसते. लक्ष्मीबाई टिळकांची रीत निराळी. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत निघाली आणि शेवटचा भाग त्यांच्या निधनानंतर मुलाच्या हातून पुरा झाला. शीर्षकात चित्र असले तरी त्यांच्या लेखनात स्थिर असे काहीच नाही. टिळक न सांगता घरातून निघून जातात, हातचा पैसा कोणालाही देऊन टाकतात, आणि बाई रागावता रागावता हसू लागतात. रागाचे हसू होत असतानाचा तो क्षण कोणत्या काचेवर उमटणार? लक्ष्मीबाईंची प्रत्येक आठवण समोरच्याला हसविण्यासाठी सांगितलेली आहे, आणि ज्याने हसावे त्याने थोड्या वेळाने गप्प व्हावे अशीही तिची योजना आहे. हुबेहूबपणाच्या नावाखाली आपण ही योजना पाहावयाचे विसरतो.

कामाच्या ठिकाणच्या आठवणींविषयी थोडेच लिहावयाचे आहे, कारण सामग्रीच थोडी आहे. कचेऱ्यांतून निरोपसमारंभाला गटाचा फोटो काढण्याचा प्रघात आहे. साहेब खुर्च्यांवर, कारकून मागे उभे, शिपाई कडेला किंवा जमिनीवर. खाली डावीकडून उजवीकडे नावे छापलेली असतात, आणि पुष्कळदा ती शिपायांपाशी येऊन थांबतात. ज्यांचे श्रम कोणी चित्रात घेतलेच नाहीत त्यांनी आठवण दाखवावी कशी, हा प्रश्न आपल्या साहित्याने फार समर्थपणे हाताळला आहे. दया पवारांनी ‘बलुतं’ (१९७८) मध्ये ऐकणारा स्वतःतूनच निर्माण केला : दगडू सांगतो आणि दया पवार ऐकतो. ऊर्मिला पवारांनी ‘आयदान’ (२००३) या शीर्षकातच आईच्या हातांचे काम ठेवले. बांबूच्या कामट्या विणणारे हात वाचकाला दिसतात, कारण शेजारी बसून ते पाहणारी मुलगी सांगते आहे. या ग्रंथांना ‘दाहक वास्तवाचे दर्शन’ म्हणून बाजूला ठेवणे हे पुन्हा त्या ‘हुबेहूब’ विशेषणाचेच दुसरे रूप होय.

येथे एक आक्षेप संभवतो. आठवण खोटी बोलते, फोटो बोलत नाही. तेव्हा स्मृतीवर फोटोचा अंकुश हवा, असे कोणी म्हणेल. आक्षेपात तथ्य आहे. साल, पोशाख, कोण हजर होते, या बाबतीत छायाचित्राने अनेक आत्मचरित्रांना दुरुस्त करावे, यात वाईट काही नाही. पण पुरावा आणि आठवण या दोन निराळ्या वस्तू आहेत. रोलाँ बार्थ यांनी १९८० मध्ये छायाचित्रावरील आपल्या ग्रंथात दिवंगत आईच्या लहानपणीच्या एका फोटोवर पाने खर्ची घातली आणि तो फोटो मात्र छापला नाही. इतरांना तो एक सामान्य फोटो वाटेल, असे त्यांचे कारण होते. आज एका सहलीचे शेकडो फोटो फोनवरून नातेवाइकांना जातात आणि सोबत एक ओळही नसते. पाहणाऱ्याला ते सामान्य वाटले तर नवल नाही.

आपल्याकडील आत्मचरित्रांच्या नव्या आवृत्त्यांत जुनी छायाचित्रे पुस्तकाच्या मध्यभागी गुळगुळीत कागदावर एकत्र छापण्याची चाल आहे. खाली ‘कुटुंबीयांसमवेत’ एवढी ओळ असते. त्या कुटुंबीयांपैकी बोलू शकणारे कोणी हयात असेल, तर संपादकाने आल्बम घेऊन त्यांच्याकडे जावे, प्रत्येक पानापाशी ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत, अडखळण्यासह, टिपून घ्यावे आणि तळटीपेत द्यावे. दोन माणसांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही द्याव्यात. आमच्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ज्यांचा प्रबंध आत्मचरित्रावर आहे, त्यांना हे काम येत्या सुट्टीतही सुरू करता येईल. बोलू शकणारी माणसे बहुधा ऐंशीच्या पुढची आहेत.