पुराव्याचा आभास : ‘ज्युलियस सीझर’मधील दोन भाषणे

विल्यम शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ (लेखनकाल सुमारे १५९९) या शोकात्मिकेच्या तिसऱ्या अंकातील दुसऱ्या प्रवेशात, सीझरच्या हत्येनंतर, ब्रूटस व अँटनी रोमन जनतेसमोर भाषणे करतात. ब्रूटसने बुद्धीला आवाहन केले, अँटनीने भावनेला, आणि भावनेचा विजय झाला, असे या भाषणांचे विवेचन रूढ आहे. ब्रूटसचे गद्य व अँटनीचे पद्य या भेदाचाही त्यासाठी आधार घेतला जातो. वर्गाध्यापनात ही विभागणी सोयीची ठरते. संहितेच्या कसोटीवर मात्र ती टिकत नाही.

ब्रूटसचे भाषण बुद्धिनिष्ठ आहे ते केवळ घाटाने. तोलून रचलेली वाक्ये, विरोधन्यास, प्रश्नांची मालिका यांचा त्यात काटेकोर वापर आढळतो. परंतु सीझर महत्त्वाकांक्षी होता या मध्यवर्ती विधानाच्या पुष्ट्यर्थ तो एकही प्रसंग सांगत नाही. सांगणार तरी काय? सीझरच्या आजवरच्या वर्तनात हत्येचे समर्थन सापडत नाही, ते त्याच्या भावी रूपावरच उभारावे लागेल, हे त्याने दुसऱ्या अंकातील स्वगतात स्वतःशी मान्य केलेले आहे. जाहीर भाषणात त्या ‘होईल’चे ‘होता’ होते. श्रोत्यांना विचारलेले प्रश्नही असे की, हरकत घेणारा आपोआप गुलाम वा देशद्रोही ठरावा. परिणामी टाळ्या मिळतात. पण त्याच गर्दीतून ब्रूटसलाच सीझर करण्याची मागणी होते. म्हणजे अँटनी बोलण्यापूर्वीच ब्रूटसचा युक्तिवाद पराभूत झालेला आहे.

अँटनीचे सामर्थ्य केवळ भावनावशतेत शोधणे अपुरे आहे. तो पुरावे मांडतो : युद्धबंद्यांच्या खंडणीने भरलेली तिजोरी, तीनदा नाकारलेला मुकुट, मृत्युपत्र, रक्ताने माखलेला झगा आणि अखेरीस प्रत्यक्ष देह. ब्रूटसला ‘सन्माननीय’ म्हणण्याच्या पुनरुक्तीतील उपरोध परिणामकारक ठरतो तो या मांडणीमुळेच. शेक्सपिअरने मात्र यातील बहुतेक पुरावे तपासण्याची साधने नाटकातच ठेवली आहेत. मुकुट देऊ करणारा स्वतः अँटनीच होता, आणि प्रत्येक नकार अधिकाधिक नाखुशीचा होता, असे कॅस्काने पहिल्या अंकात सांगितले आहे. (कॅस्काही निःपक्षपाती साक्षीदार नव्हे, हे खरे.) झग्यावरील कोणते छिद्र कॅशिअसचे, कोणते कॅस्काचे, कोणते ब्रूटसचे हे अँटनी बोट ठेवून दाखवितो, परंतु हत्येच्या क्षणी ट्रेबोनिअसने त्याला तेथून दूर नेलेले होते. जे पाहिलेच नाही त्याची साक्ष तो देत आहे.

मृत्युपत्राची गोष्ट याहून गंभीर आहे. प्रत्येक नागरिकाला ७५ ड्राक्मा, हे वचन जमावाला पेटविते. चौथ्या अंकाच्या प्रारंभी तोच अँटनी लेपिडसला मृत्युपत्र आणावयास धाडतो, ते या देणग्यांना कात्री कशी लावता येईल हे पाहण्यासाठी. हा उल्लेख अवघ्या काही ओळींचा असल्याने अध्यापनात सहज निसटतो, आणि मग वर्गही त्या जमावाइतकाच अँटनीच्या स्वाधीन होतो.

या दोन प्रसंगांच्या मध्ये कवी सिन्नाचा छोटासा प्रवेश आहे. जमाव त्याला सरळ, थोडक्यात, शहाणपणाने व खरे उत्तर देण्यास बजावतो. आपण कटातील सिन्ना नसून कवी आहोत, हे तो सांगतो. ते खरे असते. जमाव त्याला केवळ नावासाठी फाडून टाकतो.